गुरुवारच्या वामी

काटेकाकूंना राग यायला फारसं कारण लागत नसे. दूध उतू गेलं तर त्या दुधालाच चार शब्द सुनवत. पण त्या दिवशी कारण होतं आणि चांगलं दणदणीत होतं. त्यांचा धाकटा भाऊ, वय वर्षं सहासष्ट, सकाळी सकाळी एक चौकट बगलेत मारून आला, ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर उभी केली आणि म्हणाला, "ताई, बघ!"

चौकटीत प्रमाणपत्र होतं. नदीकाठच्या संशोधन केंद्राने दिलेलं. वामीच्या व्यापाराच्या एक्केचाळीस वह्या उदार मनाने दिल्याबद्दल भावाचे आभार मानले होते. खाली सही, शिक्का आणि कोपऱ्यात एका माशाचं चित्र. तेही वामीचं नव्हतं.

"माझ्या वह्या दिल्यास तू?" काकू म्हणाल्या.

"आपल्या वह्या. बाबांच्या."

"अक्षर कुणाचं आहे त्यात?"

भावाने चौकटीची काच बाहीने पुसली.

"कधी दिल्यास?"

"झाली की दोन वर्षं. चौकट आत्ता मिळाली. दुकानदार नुसता फेऱ्या मारायला लावत होता."

"आणि त्या केंद्रातल्या शहाण्यांना एकदाही वाटलं नाही, की लिहिणारं माणूस जिवंत असेल तर त्याला विचारावं?"

"वाटलं ना. त्यांनी विचारलं होतं," भाऊ भोळेपणाने म्हणाला. "मी सांगितलं, बहीण आहे, पण तिला आता काही आठवत नाही. शिवाय तापट आहे, तिच्या वाटेला जाऊ नका."

काकूंनी त्याच्यापुढचा भरलेला चहाचा कप उचलला, बेसिनमध्ये ओतला आणि चपला शोधायला लागल्या. आठवत नाही म्हणे! एकाहत्तराव्या वर्षी या बाईला शाळेतल्या बाकावर शेजारी कोण बसायचं तेही आठवत होतं आणि तिने पेन्सिल घेऊन परत दिली नाही तेही.

आता वह्या कसल्या, ते सांगायला हवं. काकूंच्या वडिलांची नदीकाठी वामीची वखार होती. वाम म्हणजे तो सापासारखा लांबडा, निसरडा मासा. वरच्या गावांतले मासेमार पकडून आणायचे, वडील विकत घ्यायचे, आणि भोकं पाडलेल्या लाकडी पेट्यांत भरून त्या पेट्या नदीतच साखळीने बांधून ठेवायचे. वाम चिवट. खायला नाही घातलं तरी महिना-दीड महिना पेटीत जिवंत राहते, फक्त अंगाने उतरते. मोठ्या शहरातून टाकीवाली लॉरी आली, की पेट्या वर ओढायच्या, वामी काट्यावर घालायच्या आणि लॉरीत सोडायच्या. त्या काट्यापाशी काकू बाराव्या वर्षी उभ्या राहिल्या. वखारीतले हमाल त्यांना काटेवाली म्हणायचे. पुढे लग्न झालं, वखार बुडाली, नवराही गेला, पण नाव चिकटलं ते चिकटलं. स्वभावालाही शोभत होतं, त्यामुळे कुणी बदलायच्या भानगडीत पडलं नाही.

वाम धरायची तर मुठीत धरून चालत नाही, सुळकन निसटते. मधलं बोट वरून, शेजारची दोन खालून, असा चिमटा करावा लागतो. चांगल्या दांडग्या माणसांना वर्षानुवर्षं जमत नाही ते. काकूंना पहिल्या आठवड्यात जमलं. बारीक, मध्यम आणि चांदी असे तीन ढीग त्या डोळे मिटून करायच्या. चांदी म्हणजे पोट पांढरंशुभ्र झालेली, टपोऱ्या डोळ्यांची मोठी वाम. ही वाम समुद्रात जन्मते, काचेच्या सुईएवढी असताना नदीत चढते, पंधरा-वीस वर्षं चिखलात लोळून काढते, आणि एका शरद ऋतूत खाणंपिणं सोडून समुद्राकडे परत निघते, अंडी घालायला. त्या वाटेवरच तिला धरायचं. तिला भाव सगळ्यात जास्त. म्हणजे जी अंडी घालायला निघाली तिलाच उचलायची, असा तो धंदा होता आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. एके काळी साठ पेट्या नदीत असत. मग चाळीस झाल्या. खाली धरण झालं तेव्हा बारा. वडील दर वर्षी म्हणायचे, "पुढच्या साली येतील." शेवटच्या साली तीन पेट्या होत्या आणि त्यातली एक रिकामी. काकूंनी मग टपाल कचेरीत पार्सलं जोखण्याची नोकरी धरली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच काढली.

तर काकू तरातरा केंद्रावर पोचल्या. केंद्र म्हणजे होड्यांच्या शेडवरच्या दोन खोल्या. जिन्यात चिखलाने माखलेले गमबूट, आत स्पिरिटचा वास, भिंतभर बरण्या. खिडकीपाशी एक तिशीची मुलगी सूक्ष्मदर्शकावर वाकली होती. माशाच्या कानातला मोहरीएवढा खडा घासून ती त्यावरची वर्तुळं मोजत होती. एका वर्तुळाला एक वर्ष, झाडाच्या बुंध्यात असतात तसं.

"त्या वह्या मी लिहिल्यात," काकू दारातूनच म्हणाल्या. "आणि मला सगळं आठवतं."

मुलगी इतक्या घाईने उठली की स्टूल आडवं झालं. "म्हणजे तुम्ही त्या काकू? अहो, तुमच्या अक्षरावर मी दोन वर्षं जगतेय!"

इथे काकूंचा राग थोडा सैल झाला. अक्षराचं कौतुक कुणालाही आवडतं. मुलीने त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि कॉम्प्युटरवर एक आलेख उघडला. करवतीसारखे दातच दात.

"तुमच्या वह्यांतली प्रत्येक तारीख आणि वजन मी भरलंय," ती म्हणाली. "आणि काकू, यातून जे निघालं ना, ते आजवर कुणालाच माहीत नव्हतं! चांदी वामी समुद्राकडे निघतात त्या दर सात दिवसांनी, लाटेसारख्या. सात दिवस म्हणजे चंद्राच्या फेरीचा साधारण चौथा हिस्सा. आणि सगळ्यात मोठी लाट नोव्हेंबरच्या मध्यावर. सरांनी आणि मी लेख लिहून पाठवलाय. त्याच्यावरून धरणवाल्यांनी पण ऐकलं. यंदा नोव्हेंबरात आठ रात्री ते टर्बाइन बंद ठेवून खालचा दरवाजा उघडणार आहेत. नाहीतर दर वर्षी वामी टर्बाइनच्या पात्यांत सापडतात आणि तुकडे होतात हो. उरल्यात किती? यंदाच्या तरी वाचतील."

काकूंनी आलेखाकडे पाहिलं. मग मुलीकडे. मग परत आलेखाकडे.

"दर सात दिवसांनी," त्या म्हणाल्या.

"हो ना!"

"अगं बाई, दर गुरुवारी लॉरी यायची."

मुलगी हसत होती, तशीच हसत राहिली. कळायला वेळ लागतो.

"वाम पकडली त्या दिवशी वही कोण उघडतंय?" काकूंचा आवाज चढला. "लॉरीत भरायची त्या दिवशी काटा, आणि काटा त्या दिवशी वही! वाम आली ऑक्टोबरात. ती बसली पेटीत. थंडी पडली की शहरात भाव चढायचा, म्हणून बाबा महिनाभर दाबून ठेवायचे. नोव्हेंबरात जाते ती लॉरी! वाम कधीच निघून गेलेली असते, जी आमच्या हातून सुटली असेल ती. चंद्राचा काय संबंध? ड्रायव्हरची आठवड्यातली पाळी होती ती!"

मुलीने फोनवर जुनं कॅलेंडर काढलं. वहीतली एक तारीख घातली. गुरुवार. दुसरी. गुरुवार. सातवी तारीख शुक्रवारची निघाली तेव्हा तिचा चेहरा जरा उजळला, पण काकू म्हणाल्या, "त्या आठवड्यात लॉरीचा टायर फुटला होता."

मग मुलगी रडायला लागली. दोन वर्षं, एक्केचाळीस वह्या, अकरा हजार ओळी, आणि शोध काय लावला तर लॉरीचा! काकूंना कीव आली, पण कीव करण्याची त्यांची तऱ्हा निराळी होती. "रड हवं तर," त्या म्हणाल्या, "पण वहीवर नको, शाई पसरेल. आणि हे काय? या काड्यांचं काय केलंस?"

प्रत्येक ओळीच्या शेवटी पेन्सिलीच्या बारीक उभ्या काड्या होत्या. कुठे अकरा, कुठे तीस.

"त्यांचा अर्थ लागला नाही. सर म्हणाले, रकाना सोडून दे."

"अर्थ लागला नाही तर विचारायचं!"

"विचारलं होतं हो! तुमचे भाऊ म्हणाले..."

"माहितेय मला भाऊ काय म्हणाला!" काकूंनी कपाळावर हात मारला. "पेटी नदीत जितक्या रात्री राहिली तितक्या काड्या. वाम किती उतरली ते बाबांना कळायला हवं ना. रोज सकाळी वखारीच्या भिंतीवर पेटीच्या नंबरापुढे मी खडूने काढायचे आणि गुरुवारी वहीत उतरवायचे. गुरुवारातून काड्या वजा कर, की वाम आली ती तारीख मिळते. पहिलीतलं गणित आहे."

मुलीने नाक पुसलं. हे मात्र तिला ताबडतोब कळलं.

पुढचे चार दिवस काकूंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दुसरं काही ठेवायला जागा नव्हती. काकू काड्या मोजून ओरडायच्या, मुलगी भरायची. भाऊ दोनदा मदतीला आला आणि दोनदा घालवून दिला गेला. मुलीचे सर फोनवर म्हणाले, की म्हाताऱ्या बाईच्या आठवणी म्हणजे पुरावा नव्हे, आणि लेख तर छापायला गेलाय. काकूंनी फोन मुलीच्या हातातून घेतला. "साहेब, काड्या वहीतच आहेत, तुम्हाला दिसल्या नाहीत इतकंच," एवढं बोलून त्यांनी तो बंद केला. मुलगी आधी घाबरली आणि मग तिला हसू फुटलं.

चौथ्या दिवशी नवा आलेख निघाला. करवत गेली. त्या जागी दर सालात दोन-तीन उंच टेकाडं उभी राहिली, सगळी ऑक्टोबरात, अमावास्येच्या आगेमागे, पावसाने नदी चढली त्या रात्रींना. वखारीतल्या पोराटोरांनाही हे ठाऊक होतं. पण त्यांना कोण विचारतो!

कॅलेंडरवर त्या दिवशी ऑक्टोबरची बारा तारीख होती. अमावास्या अठराला.

धरणाचा अभियंता भला माणूस होता, हीच पंचाईत. उद्धट असता तर काकूंना सोपं गेलं असतं. त्याने दोघींना बसवलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आलेख उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "पटतंय मला. पण मंजुरी नोव्हेंबरची आहे. तारीख बदलायची तर नवा अर्ज, वरची सही. वीस दिवस तरी लागतील."

"वीस दिवसांनी वामी कुठे असतील?" काकूंनी विचारलं.

"समुद्रात?"

"तुमच्या पात्यांत! म्हणजे नोव्हेंबरात तुम्ही आठ रात्री रिकाम्या पाण्यासाठी दरवाजा उघडणार. वरातीमागून घोडं!"

"काकू, मी काय करू? माझ्या हातात नाही."

"तुमच्या हातात काय आहे ते सांगा."

त्याने टेबलावरची पेन्सिल दोनदा फिरवली. मग म्हणाला, की टर्बाइनपुढची कचरा अडवणारी जाळी साफ करायला महिन्यातून एक रात्र यंत्रं थांबवायचा अधिकार त्याला आहे. एकच रात्र. कुठली, ते त्याच दिवशी दुपारी बारापर्यंत कळवायचं.

"एक?" मुलगी म्हणाली.

"एक," काकू म्हणाल्या. त्यांनी घासाघीस केली नाही. वखारीत वाढलेल्या बाईला शेवटचा शब्द ऐकला की कळतो.

आणि तिथून काकूंची झोप उडाली. तोपर्यंत सगळं दुसऱ्याचं चुकत होतं, तेव्हा ओरडायला मजा होती. आता चुकलं तर आपलं. चाळीस वर्षांत नदीत हात घातला नव्हता त्यांनी. पार्सलं जोखली होती. एक रात्र चुकली, की यंदाच्या सगळ्या वामी गेल्या, आणि यंदाच्या म्हणजे कदाचित शेवटच्या. रोज सकाळी त्या नदीच्या वळणावरच्या दगडांवर जाऊन बसायच्या, बाही वर करून कोपरापर्यंत हात पाण्यात धरायच्या. पाणी स्वच्छ. नितळ. काही उपयोगाचं नाही. अठराला अमावास्या आली. मुलगी म्हणाली, "आज ना?" काकू म्हणाल्या, "नाही." एकोणीसला मुलगी म्हणाली, "काकू, अमावास्या उलटली हो." काकू खेकसल्या, "मला काय दिसत नाही?" घरी येऊन मात्र त्या भावाला म्हणाल्या, "मला भीती वाटते रे." असं त्या आयुष्यात पहिल्यांदा कुणाला म्हणाल्या असतील. भावाने उठून गॅस पेटवला. त्याने चहा केला, फार गोड.

विसाव्या तारखेला डोंगराकडे ढग होते. सकाळी काकूंनी पाण्यात हात घातला, तर पाणी आदल्या दिवसापेक्षा गार आणि चहाच्या रंगाचं. वरून कुजकी पानं वाहत येत होती. नदी बोटभरच चढली होती, पण चढली होती.

"आज," त्या म्हणाल्या.

"हवामानखातं म्हणतं मोठा पाऊस परवा आहे," मुलगी म्हणाली. "परवा जास्त..."

"परवापर्यंत त्या कशाला थांबतील? त्या काय हवामानखात्याला विचारून निघतात? आज!"

साडेअकराला फोन केला. अंधार पडल्यावर टर्बाइन थांबली, खालचा दरवाजा उघडला. मुलीने दरवाजापाशी पाण्यात कॅमेरा लावला होता, अंधारातही मासा ओळखणारा. काकू घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या.

सकाळी सात वाजता त्या केंद्राचा जिना चढल्या तेव्हा मुलगी दारातच उभी होती. तिने काकूंना घट्ट मिठी मारली. "काकू, त्रेसष्ट! त्रेसष्ट गेल्या! सगळ्या चांदी, सगळ्या धडधाकट! अहो, गेल्या दहा वर्षांत या नदीत एका रात्रीत कुणी पंधराच्या वर पाहिल्या नाहीत. तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय केलंत?"

पडद्यावर करड्या पाण्यातून एक लांब सावली वळत वळत दरवाजातून गेली. मग दुसरी. काकूंनी एक-एक करून त्रेसष्टच्या त्रेसष्ट पाहिल्या. मुलगी मागून काही काही बोलत होती, सरांचा फोन आला, सर म्हणाले लेख मागे घेऊ, नव्याने लिहू, तुमचं नाव घालू.

"पोरी, वहीत एक गोष्ट नाही," काकू म्हणाल्या.

"कुठली?"

"मेलेल्या. पेटी वर ओढली की तळाशी मेलेल्या निघायच्या. गर्दीत गुदमरलेल्या. त्या काट्यावर जात नाहीत, म्हणून वहीत नाहीत. बाबा म्हणायचे, मेलेलं लिहायचं नसतं. मी घमेल्यात भरून खालच्या बाजूला नदीत फेकून द्यायचे. ते माझं काम होतं."

मुलीने हळूच कागद ओढला. "किती असायच्या?"

"साठ. सत्तर." काकूंनी पडद्याकडे बोट दाखवलं. "कधी शंभर. तू आता मोजल्यास ना, तेवढ्या. मी नाक मुरडत फेकायचे गं, हाताला वास लागतो म्हणून."

"सालातून?"

"दर गुरुवारी."

मुलीने आकडा लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली. काकूंनी पदराने डोळे पुसले, चांगले खसाखसा. स्वतःचा, बापाचा आणि त्या गेलेल्या वखारीचा त्यांना इतका राग आला होता, की तो कुठे ठेवावा कळत नव्हतं. मग त्या उठल्या आणि पायाने चपला चाचपायला लागल्या.

"कुठे निघालात?" मुलीने विचारलं.

"त्या साहेबाकडे. पाणी अजून चढतंय. आजची रात्र मागायची आहे."

"पण काकू, ते म्हणाले होते एकच. ते देणार नाहीत."

"नाही दिली तर नाही. मी तिथे बसते," काकू म्हणाल्या. "तू ये मागून. आणि तो कागद घेऊन ये."